एकच काडतूस

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो.
सुक्या मासळीच्या आणि चुरीसच्या वासातून वाट काढत
फटी माजीक माझ्या दुकानाची पायरी चढतो,
कोदाळहून दोन बसगाड्या बदलून.
खांद्याला पिशवी, पिशवीत परवाना,
परवान्याला प्लास्टिक, प्लास्टिकला रबर.

"बाय, एकच सांग.
कोल्ह्याला चालेल, डुकराला चालेल,
माकडालाही चालेल, असं एकच.
पाच जातींची पाच खोकी घ्यायला
मी काय पोर्तुगीज आहे?"

बाबांचं कपाट उघडते.
ते गेले तेव्हा गल्लीनं विचारलं होतं,
दुकानाचं आता काय?
मी तेव्हाही हेच केलं होतं, कुलूप उघडलं होतं.

काउंटरवर मांडत जाते,
वाण्यानं जिन्नस दाखवावे तशी.

हे एलजी. आत सहाच गोळे, थोराड वाटाण्यासारखे.
डुकरासाठी.
कोल्ह्यावर झाडलंस तर सहाच्या सहा
त्याच्या आजूबाजूनं निघून जातील
आणि तो वळून तुझ्याकडे बघेल.

हे चार नंबर. धणे.
डुकराला नुसती खाज सुटेल,
आणि खाजवायला ते तुझ्याकडेच येईल.

हे बीबी. मिरी म्हण.
कोल्ह्याला पुरे, तीस पावलांच्या आत.
त्यापुढे तू आणि तुझं नशीब.

त्याची नजर भिंतीवरच्या रायफलीवर.
"आणि ती? तीनशे पंधरा?"

ती गोळी, फटी, चुकली म्हणून थांबत नाही.
तुझ्या काजूच्या डोंगरावरून सुटेल,
खालच्या वाड्यावर कोण पानात भात वाढतंय
ते बघायला तिला सवड नसते.
बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे,
लागली तर काय होतं ते तुला ठाऊक आहे,
चुकली तर कुठे जाईल, ते सांग.
पुष्कळ लोक मग नुसतंच पाणी पिऊन जायचे.

फटी पाणी पितो. जात नाही.
कोल्ह्याचं सांगत बसतो.
लोक म्हणतात, कोल्हा काकडीला राजी.
ह्याचा बोंडूला.
दिवसभर उन्हात आंबलेले, गळून पडलेले
रात्री वेचून खातो,
आणि पहाटे, फटी शपथेवर सांगतो,
दगडाला टेकून बसतो,
पेन्शनीत निघालेल्या हवालदारासारखा.

पाच बीबी घेतली.
मी वहीत लिहिलं: तारीख, नग पाच,
कारण: शेतरक्षण.
कोल्ह्याचं नाव लिहायला वहीत रकाना नाही,
परवान्यातही नाही, हे त्याला दोनदा बजावलं.

मग निवडणूक लागली.
गावातल्या साऱ्या बंदुका वाळपईच्या ठाण्यात,
गळ्यात चिठ्ठ्या बांधून एका खोलीत,
हरवलेल्या पोरांसारख्या.

मेमध्ये फटी आला. हातात हुर्राकची बाटली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तरी अख्खा बाजार ओळखेल अशी.

"एकच पुरलं गो, बाय."

घरी बसून त्यानं एक काडतूस सुरीनं कापलं होतं,
मिऱ्या काढून घेतल्या, तोंड मेणानं बुजवलं,
आणि बंदूक जमा करायच्या आदल्या रात्री
आभाळाकडे तोंड करून ओढलं.
नुसता आवाज.
कोल्हा गेला, डुकरं गेली, माकडं गेली,
शेजारच्या बागेतला मेव्हणासुद्धा
तीन दिवस कुंपणाकडे फिरकला नाही.

शिसं त्यानं म्हादईतल्या पागाला लावलं.
"जाळं आता कसं सरळ बुडतं!"
रिकामी नळी नातीनं घेतली,
त्यात ती सुया ठेवते.

मी रागावले. काडतूस असं कापतात?
बोटं गेली असती, फटी, डोळा गेला असता.
त्यानं दहाच्या दहा बोटं काउंटरवर पसरून दाखवली.

"आणि कोल्हा?"

"चौथ्या रात्री आला परत."
तो बाटलीचा कागद सरळ करत राहिला.
"बंदूक ठाण्यात. मी काय करणार?
बोंडू चेपायच्या कोंडीजवळ
चोथ्याची टोपली बाहेर ठेवली."

उरलेली चार तो परत करायला आला होता.
विकलेलं परत घ्यायलाही वहीत रकाना नाही.
मी पेनाचं टोपण काढलं,
लावलं, पुन्हा काढलं.